किल्ली आत हाय

रणधीरच्या गाडीला किल्लीचं भोकच नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या विहिरीच्या पाण्याचाही नव्हता. गाडी तशी जुनीच, पुण्याहून आणलेली, पण पांढरीशुभ्र. खिशात एक काळी डबी ठेवायची. तिचं बटण दाबलं की आरसे मिटणार, दारं लागणार आणि चारी दिवे डोळे मिचकावणार. गावात कुणी भेटला की रणधीर त्याला दाराच्या मुठीवरून हात फिरवायला लावायचा. "सापडतंय का भोक? न्हाय ना? आता सांगा, चोर आत शिरंल कुठून?" याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. मालक कुठून शिरेल, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

गाव बेंबळीच्या शेजारचं. रणधीर आठ वर्षं सरपंच व्हायची तयारी करत होता. कुणाच्या घरी बारसं असो की मयत, हा पांढरा सदरा घालून हजर. आणि ऐन वेळी सरपंचपद सुटलं महिलेला! बातमी ऐकली तेव्हा तो दहा मिनिटं ओट्यावर नुसता बसून राहिला. अकराव्या मिनिटाला उठून म्हणाला, "मग काय झालं? आमच्या घरात महिला न्हाय का?"

महिला होती. महानंदा तिचं नाव. अठरा वर्षांचा संसार आणि पंधरा वर्षांचा बचत गट तिनं एकाच वेळी चालवला होता, आणि दोन्ही ठिकाणी आवाज न चढवता. भजी बांधून आलेला कागदसुद्धा ती दोन्ही बाजूंनी वाचून मगच टाकायची. रणधीरनं तिला समोर बसवून सगळं राजकारण एका वाक्यात समजावलं. तू फक्त सही करायची, बाकी म्या बघतो. महानंदानं मान हलवली आणि बेंबळीच्या सेवा केंद्रात जाऊन अर्ज ऑनलाइन भरून आली. छापील अर्ज, दाखले, पडताळणीची पोच असं सगळं तिनं एका लाल फायलीत लावलं. ती फाईल मात्र रणधीरनं ताब्यात घेतली. माझ्या गाडीएवढी सुरक्षित जागा साऱ्या तालुक्यात न्हाय, असं त्याचं म्हणणं होतं, आणि पुढं ते शब्दशः खरं ठरलं.

अर्जाचा शेवटचा दिवस. वेळ दुपारी तीनपर्यंत. तीन वाजून एक मिनिटानं दार बंद, मग ब्रह्मदेव आला तरी पाच वर्षं थांबायचं. मंडळी दहालाच धाराशिवला तहसीलपाशी पोचली. महानंदाचं म्हणणं होतं की अकराला अर्ज देऊन टाकू. रणधीर हसला. शेवटच्या तासाला अर्ज टाकला की विरोधकांना विचार करायला वेळ मिळत नाही, हा त्याचा डाव होता. दोन वाजून दहा मिनिटांचा मुहूर्तही त्यानं काढून आणला होता, आणि त्या मुहूर्तावर हलगी लावून मिरवणुकीनं जायचं ठरलं होतं. सूचक म्हणून सही करणाऱ्या बचत गटातल्या धुरपदाबाईंना घेऊन महानंदा आत रांगेचा अंदाज घ्यायला गेली.

इकडं तहसीलपासून शंभर मीटरवर आखलेल्या पांढऱ्या रेषेबाहेर रणधीरनं गाडी लावली, चारी दारं उघडली आणि गाणी सोडली. डिझेल जळू नये म्हणून इंजिन बंद. दोन तास गाडी गात होती. बाराला पंधरा कार्यकर्त्यांना भूक लागली. फाईल मागच्या सीटवर राहिली, गाडी बटणानं लागली, आणि गाडी कुणाची ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून रणधीरनं चारी इंडिकेटर चालू ठेवले. सगळे पुरीभाजी खायला गेले.

सव्वा वाजता ते परत आले तेव्हा गाडीनं डोळे मिटले होते.

रणधीरनं बटण दाबलं. काही नाही. जवळ जाऊन दाबलं, लांब जाऊन दाबलं. डबीवर फुंकर मारली, ती सदऱ्याला पुसली, उन्हात धरली. लिंबाजी हा त्याचा उजवा हात. त्यानं डबी घेऊन कपाळाला लावली आणि डोळे मिटून दाबली. गाडी ढिम्म. बॅटरी पार संपली होती. काचेतून लाल फाईल स्वच्छ दिसत होती. एवढी जवळ की वरचं महानंदाचं नावही वाचता येत होतं.

आठ वर्षं, आठ वर्षांतली सगळी बारशी आणि सगळ्या मयती एका काचेपलीकडं पडल्या होत्या.

त्यानं महानंदाला फोन लावला. नेमक्या त्याच वेळी त्यानंच सांगून ठेवलेले हलगीवाले आले, आणि म्या सांगेस्तोवर थांबायचं न्हाय, हा त्याचाच हुकूम त्यांनी पाळायला घेतला. कडकडाटात रणधीरनं एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्यात फोन.

"अगं, गाडी लॉक झालीय. बॅटरी गेली. फाईल आत."

"किल्ली आत हाय," महानंदा म्हणाली. पुढचं काहीतरी ती सांगत होती, पण हलगीनं ते गिळलं.

"किल्ली माझ्या हातात हाय!"

"आवं, व्हय. त्याच्याच आत..."

फोन तुटला. रणधीरनं पुन्हा लावला तर लागेना. त्यानं जरा विचार केला आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला, पण तो दुसऱ्याच खोलीत. पुण्याच्या मालकानं दोन डब्या दिल्या होत्या. एक आपल्या हातात. म्हणजे दुसरी आत! बायकोनं दुसरी किल्ली गाडीत ठेवली आणि आता सांगतीय. पंधरा माणसं गाडीला चिकटली आणि दुसरी किल्ली शोधायला लागली. लिंबाजीला ती दिसलीसुद्धा, पुढच्या सीटखाली. अर्धा तास सगळे तिच्याकडं बोट दाखवत होते. ती सुपारीची डबी होती, आणि डबी लिंबाजीचीच होती.

दोनच्या सुमाराला बिराप्पा फिटरला आणलं. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. त्यानं उघडली नाही अशी गाडी जिल्ह्यात नव्हती, असं तो स्वतः सांगायचा. त्यानं दार आणि चौकटीच्या फटीत लाकडी पाचर ठोकली, वाकवलेली तार आत सोडली आणि भोवतीच्या गर्दीनं श्वास रोखला. तार हळूहळू खाली गेली, डावीकडं वळली, दार उघडायच्या बटणावर बरोबर टेकली आणि बिराप्पानं ती दाबली. बटण खाली गेलं. टाळ्या पडल्या. दार होतं तिथंच.

"बटण दाबलंय म्या," बिराप्पा घाम पुसत म्हणाला, "पर करंटच न्हाय. मेलेल्या माणसाला गुदगुल्या करून काय उपेग?"

त्यानं तार आतल्या मुठीला अडकवून पाहिली. मूठ गुळगुळीत, तार दर वेळी घसरायची. दर घसरणीला गर्दीतून एक सल्ला यायचा. एकानं सांगितलं की छपरावर उभं राहून उड्या मारा, एकानं सांगितलं की टायरची हवा सोडा. टायरची हवा सोडून काय होणार ते त्यालाही माहीत नव्हतं, पण काहीतरी करायला पाहिजे अशी त्याची भावना होती. खरं सांगायचं तर या माणसांचं कौतुकच करायला हवं. कुणाचा कोण रणधीर! ढोकीचा एक माणूस तर सातबाऱ्याच्या कामाला आला होता, तो काम सोडून अर्धा तास पाचर धरून उभा राहिला आणि मधे एकदाच म्हणाला, की पाचर धरायला आपल्याला जमतंय.

अडीचला गर्दी एकदम बाजूला सरली. शरणबसप्पा येत होते. गावातले जुने आडत व्यापारी आणि रणधीरचे पक्के विरोधक. त्यांच्या सुनेचा, शिवगंगेचा अर्ज कालच भरून झाला होता. रणधीरचा अर्ज राहिला तर सून बिनविरोध सरपंच. रणधीरनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. जखमेवर मीठ चोळायला आलं म्हातारं, असं त्याला वाटलं.

शरणबसप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेतून फाईल बघितली, घड्याळ बघितलं आणि आपल्या ड्रायव्हरला सांगून जीपची बॅटरी आणि वायरी मागवल्या.

"अप्पा, तुमी कशाला तरास घेता?" रणधीर कसनुसं म्हणाला.

"कशाला म्हंजे? उद्या गाव म्हणंल, गाडी बंद पडली म्हणून अप्पाची सून सरपंच झाली. आसलं सरपंचपद आमच्या उंबऱ्याच्या आत नको. तुमी अर्ज भरा, मग आमी तुमाला रीतसर पाडतो."

आठ वर्षांत या माणसाविषयी रणधीर चहाच्या हॉटेलात काय काय बोलला होता, ते सगळं एकदम आठवलं आणि त्याला लाज वाटली.

बॅटरी आली, वायरी आल्या, आणि मग घोडं पेंड खायला लागलं. बॅटरीला करंट द्यायचा तर बॉनेट उघडलं पाहिजे. बॉनेटची कळ गाडीच्या आत. आत जायचं तर दार उघडलं पाहिजे. आणि दार उघडायला करंट पाहिजे! बिराप्पानं हे तीनदा बोटावर मोजून बघितलं, तीनदा तेच उत्तर आलं, मग तो गाडीकडं पाठ करून बसला. हलगी अखंड चालूच होती. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता, पण त्यांना थांबा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पावणेतीनला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. महानंदा.

"आवं ऐका," ती ओरडून बोलत होती, आणि महानंदा ओरडते म्हणजे प्रसंग तसाच असणार. "ती गाडी ...डा आता! या वर!"

"काय? सोडा का फोडा?"

"व्हय व्हय, ...डा! लवकर या!"

फोन बंद. रणधीर गाडीकडं वळला. फोडा. बायको म्हणतीय, गाडी फोडा. अठरा वर्षांत तिनं कधी एक कप फुटू दिला नव्हता. ती म्हणतीय म्हणजे दुसरा उपाय उरलेला नाही. या बाईला सरपंच व्हायचंय, मनापासून व्हायचंय, आणि हे तिनं आपल्याला कधी सांगितलं नाही, कारण आपण कधी विचारलंच नाही. त्यानं बिराप्पाच्या हातातला मोठा पाना घेतला.

"बिराप्पा, कुठली काच फोडली तर कमी दुखंल?"

"मागच्या दाराची," बिराप्पा हळूच म्हणाला.

शरणबसप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि रणधीरच्या हाताला मनगटापर्यंत घट्ट गुंडाळून दिलं. काच हाताला लागू नये म्हणून विरोधी पक्षानं केलेली ती व्यवस्था होती. रणधीरनं गाडीकडं एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि पाना घातला. पहिल्या घावाला काच नुसती थरथरली. दुसऱ्या घावाला ज्वारीचं पोतं फुटल्यासारखी सगळी खाली सांडली.

मग तो धावला. लाल फाईल छातीशी, हाताला उपरणं, मागं पंधरा माणसं आणि त्यांच्या मागं हलगी. पांढऱ्या रेषेवर पोलिसानं हलगीला अडवलं, माणसांना अडवलं आणि रणधीरचा अवतार बघून त्याला तेवढं सोडलं. जिना चढताना त्याची चप्पल निसटली, ती त्यानं तिथंच टाकली. वरच्या व्हरांड्यात घड्याळात तीनला आठ मिनिटं कमी होती, आणि त्या घड्याळाखाली महानंदा आणि धुरपदाबाई शेंगदाण्याची पुडी खात बसल्या होत्या.

"अगं चल, आन सही कर! आठ मिनिटं हायत!"

महानंदानं पुडीचा कागद बाजूला ठेवला आणि पदराखालून एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. अर्ज दाखल झाल्याची पोच होती. शिक्का होता, सही होती, वेळ होती. दोन वाजून बत्तीस मिनिटं.

"हे... कसं?"

महानंदानं सांगितलं. त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. अर्ज ऑनलाइनच भरलेला, त्याचा नंबर तिला पाठ. दाखल्यांचे फोटो फोनमध्ये. गाडी लॉक झाली म्हटल्यावर ती आणि धुरपदाबाई मागच्या दारानं समोरच्या सेवा केंद्रात गेल्या, सगळं पुन्हा छापून घेतलं, दोघींनी सह्या केल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत पुढच्या दोन उमेदवारांचे अर्जही तिनंच तपासून दिले, कारण त्यांच्या नवऱ्यांनी भरताना चुका केल्या होत्या.

रणधीर बाकावर बसला. ही बाई आपल्या घरात अठरा वर्षं राहते, आणि आपण तिला सही कुठं करायची ते दाखवायला निघालो होतो. त्याला खूप अभिमान वाटला आणि तेवढंच ओशाळंही वाटलं. दोन्ही एकदम आल्यामुळं तोंडातून भलताच प्रश्न बाहेर पडला.

"मग फोडा कशाला म्हणलीस?"

"काय फोडा?"

"गाडी. गाडी फोडा म्हणलीस ना फोनवर."

महानंदानं त्याच्या हाताला गुंडाळलेलं उपरणं आता पाहिलं. तिचा चेहरा बदलला.

"मी सोडा म्हणले," ती म्हणाली. "काम झालंय, गाडी सोडा आता, वर या, म्हणून."

धुरपदाबाईंनी तोंडाला पदर लावला. अठरा वर्षांच्या संसारात रणधीरनं पहिल्यांदाच बायकोचं ऐकलं होतं, आणि तेही चुकीचं ऐकलं होतं.

तिघं खाली आले. गर्दीनं वाट करून दिली. महानंदा गाडीपाशी उभी राहिली, आत सांडलेल्या काचांकडं तिनं बराच वेळ पाहिलं. ती आता काय बोलणार म्हणून रणधीरनं मान खाली घातली होती. तिनं फक्त हात पुढं केला. रणधीरनं काळी डबी तिच्या हातावर ठेवली.

महानंदानं डबीच्या कडेची बारकी कळ नखानं सरकवली आणि आतून बोटाएवढी, चकचकीत, दात असलेली, खरीखुरी लोखंडी किल्ली बाहेर ओढली. मग ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीचं टोक त्या किल्लीच्याच टोकानं उचकटलं. एक पांढरी टोपी निघाली. खाली भोक होतं. किल्ली घातली, फिरवली, खट्ट झालं आणि दार उघडलं. त्या शांततेत सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं की हलगी थांबलीय. हलगीवालासुद्धा बघत होता.

"मी फोनवर म्हणलं होतं की," महानंदा म्हणाली, "किल्ली आत हाय म्हणून."

"तुला कुणी सांगितलं हे?" रणधीरचा आवाज बारीक झाला होता.

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. तुम्ही चहाचा कप ज्याच्यावर ठेवता, ते."

बिराप्पानं तिला हात जोडले. अगदी मनापासून जोडले. त्याच्या धंद्यात असा नमस्कार तो फक्त खंडोबाला करायचा. शरणबसप्पा खूप वेळ हसत राहिले. काखेत कळसा अन् गावाला वळसा, एवढंच ते म्हणाले आणि डोळे पुसले. मग महानंदाकडं वळून गंभीर झाले.

"लेकी, आमच्या शिवगंगेला सांगतो, लढत सोपी न्हाय. पर ती बी वाचणारी हाय बरं."

"मग बरं झालं," महानंदा म्हणाली. "कुणीतरी वाचणारी निवडून यील."

बॉनेट उघडलं, वायरी जोडल्या, शरणबसप्पांच्या बॅटरीवर रणधीरची गाडी जिवंत झाली आणि दुपारी अर्धवट राहिलेलं गाणं शेवटच्या कडव्यापासून मोठ्यानं सुरू झालं. रणधीरनं ते घाईघाईनं बंद केलं. कार्यकर्ते पांगायला लागले, ढोकीचा माणूस सातबाऱ्यासाठी पळाला. रणधीर मागच्या दारातून आत वाकला. परत जाताना बायको मागच्या सीटवर बसणार, हे त्यानं नेहमीसारखं न विचारताच ठरवलं होतं, पण या वेळी आधी ती जागा साफ करायची होती. उपरण्यानं तो सीटवरचे काचेचे दाणे एकेक करून गोळा करत होता.

तेवढ्यात धाराशिवचा एक पत्रकार मोबाइल आणि माइक घेऊन आला. असल्या बाबतीत कुणाला गाठायचं याची त्याला सवय होती. त्यानं सरळ रणधीरच्या तोंडापुढं माइक धरला आणि विचारलं, की साहेब, सरपंचपद मिळालं तर गावासाठी आपण काय काय करणार?

याचं उत्तर रणधीरला आठ वर्षांपासून तोंडपाठ होतं. पहिला मुद्दा पाण्याचा, दुसरा रस्त्याचा. त्यानं तोंड उघडलं, महानंदाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

"त्यास्नी इचारा," तो म्हणाला. "म्या काचा गोळा करतोय."